मिसिसिपी : काळी माती, पांढरा कापूस



अमेरिका म्हटले की आपल्याला न्यूयॉर्क आठवते. बाबासाहेब १९१३ साली तिथल्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, म्हणून ते नाव आपल्या घराघरांत पोहोचले आहे. पण अमेरिका हा पन्नास राज्यांचा देश आहे. त्यातल्या एका राज्याचा भूगोल आपल्या समाजाने मुद्दाम समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. ते राज्य म्हणजे मिसिसिपी. शाळेच्या पुस्तकात मिसिसिपी नदी येते, राज्य येत नाही. या राज्याची जमीन अमेरिकेतल्या सर्वांत कसदार जमिनींपैकी आहे आणि तरीही माणसे अमेरिकेतल्या सर्वांत गरीब माणसांत मोडतात. असे का झाले, हे आज आपण पाहणार आहोत. घरात नकाशा असेल तर मुलांनी तो उघडून जवळ ठेवावा.

नकाशावर

अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोचे आखात आहे. त्या आखाताला टेकलेले, उभट आकाराचे हे राज्य. उत्तरेला टेनेसी, पूर्वेला अलाबामा, पश्चिमेला आर्कान्सा आणि लुइझियाना ही शेजारची राज्ये. पश्चिमेची बरीचशी हद्द मिसिसिपी नदीनेच आखलेली आहे. नदीचे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ 'मोठी नदी' असा होतो. राजधानीचे शहर जॅक्सन. १८१७ साली हे अमेरिकेचे विसावे राज्य झाले.

राज्याचे क्षेत्रफळ सुमारे सव्वा लाख चौरस किलोमीटर आहे. आपला महाराष्ट्र तीन लाख सात हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे मिसिसिपी महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. पण माणसे किती? २०२० च्या जनगणनेत २९ लाख ६१ हजार. २०११ च्या आपल्या जनगणनेत एकट्या नागपूर शहरात २४ लाख लोक होते. एका चौरस किलोमीटरला मिसिसिपीत पंचवीसच्या आसपास माणसे राहतात, महाराष्ट्रात २०११ सालीच ३६५ होती.

डोंगर म्हणावा असा तिथे नाही. सगळ्यात उंच जागा वुडॉल माउंटन, ती अवघी २४६ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. उत्तरेला आणि मध्यभागी टेकड्या, दक्षिणेला पाइन वृक्षांची जंगले, ईशान्येला काळ्या मातीचा एक पट्टा, आणि वायव्येला 'डेल्टा' नावाचा सपाट प्रदेश, असे ढोबळ भाग पडतात.

या डेल्टाकडे नीट लक्ष द्या. नदी समुद्राला मिळते तिथे होणाऱ्या त्रिभुज प्रदेशाला आपण डेल्टा म्हणतो, पण हा डेल्टा समुद्रापासून पुष्कळ दूर आहे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला हा सुमारे तीनशे किलोमीटर लांबीचा मैदानी पट्टा. हजारो वर्षे पूर येत राहिले आणि प्रत्येक पुराने गाळाचा एक थर मागे ठेवला. आपल्या विदर्भ-मराठवाड्याची काळी माती लाव्हारसाच्या खडकापासून झाली, तिथली नदीने वाहून आणली. कापसाला मात्र दोन्ही मानवतात.

हवापाणी

हे राज्य ३० ते ३५ अंश उत्तर अक्षांशांत येते, म्हणजे आपल्या पंजाब-जम्मूच्या ओळीत. पण आखातावरून दमट वारे येत असल्याने हवा पंजाबसारखी कोरडी नाही. उन्हाळा लांब आणि घामाचा, पारा ३२-३५ अंशांवर, रात्रीही उकाडा. हिवाळा छोटा, बर्फ क्वचित. पाऊस वर्षाला साधारण तेराशे ते सोळाशे मिलिमीटर, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून थांबत नाही, बाराही महिने थोडाथोडा पडतो. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस दहिवर गोठत नाही. कापसाला नेमके हेच हवे असते. एप्रिल-मे महिन्यांत पेरणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वेचणी.

निसर्ग तिथे कोपतोही. वसंतात चक्रीवावटळी घरांची छपरे उचलून नेतात. आखाताच्या किनाऱ्याला १९६९ साली कॅमिल आणि २००५ साली कट्रिना या वादळांनी झोडपले. कट्रिनात या एका राज्यात दोनशेहून अधिक माणसे गेली.

पण भूगोलाच्या पुस्तकात एक गोष्ट लिहिलेली नसते. संकट निसर्गाचे असले तरी त्याचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. १९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीला महापूर आला, ग्रीनव्हिल गावाच्या वरच्या अंगाला नदीचा मातीचा बांध फुटला आणि डेल्टा पाण्याखाली गेला. हजारो कृष्णवर्णीय मजूर उरलेल्या बांधावर तंबू ठोकून राहिले. त्यांना नेण्यासाठी बोटी येऊ शकत होत्या. परंतु मजूर एकदा गेले तर परत येणार नाहीत, मग कापूस कोण वेचणार, या धास्तीने मळेवाल्यांनी त्यांना जाऊ दिले नाही. गोरी कुटुंबे बोटीत बसून सुरक्षित जागी गेली. बांधावरच्या माणसांकडून बंदुकीच्या धाकात काम करून घेतले गेले. पूर एकच, पण दोन माणसांच्या वाट्याला दोन तऱ्हांनी आला. गावकुसाबाहेरची, ओढ्याकाठची वस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ही माणसे आली कुठून?

मुळात ही भूमी चोक्टॉ, चिकसॉ या आदिवासी लोकांची. कापसाची जमीन मोकळी करून घेण्यासाठी १८३० आणि १८३२ साली करार लिहून घेऊन त्यांना शेकडो किलोमीटर पश्चिमेला घालवले. वाटेत थंडीने आणि रोगराईने पुष्कळ जण मेले. थोडे चोक्टॉ मागे राहिले, त्यांचे वंशज आजही फिलाडेल्फिया नावाच्या गावाच्या परिसरात आपली भाषा टिकवून आहेत.

कापसातून सरकी वेगळी करण्याचे यंत्र १७९३ साली निघाले आणि कापसात पैसा आहे हे सगळ्यांना दिसले. मग मळेवाल्यांनी आफ्रिकी वंशाचे गुलाम हजारोंनी आणले. बाजारात बोली लावून माणूस विकत घेतला जाई, आई एकीकडे आणि लेकरू दुसरीकडे जाई. १८६० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ७ लाख ९१ हजार होती आणि त्यांत ४ लाख ३६ हजार गुलाम होते. शंभरांत पंचावन्न! बहुसंख्य लोक अल्पसंख्य लोकांच्या मालकीचे होते.

१८६१ साली हे राज्य गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघाले आणि यादवी युद्ध पेटले. त्या युद्धाचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. अमेरिकेचा कापूस बंदरात अडकला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाचे भाव आभाळाला भिडले, मुंबईचे व्यापारी गब्बर झाले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. पुढे गिरण्या वाढल्या, आपले वाडवडील गाव सोडून त्या गिरण्यांत आले. तिथेही कापड विणण्याच्या खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे त्यांना शिवू दिले जात नसे, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळ होई. कापूस दोन्हीकडे पांढराच होता, त्याला हात कोणी कुठवर लावायचा हे मात्र जन्मावरून ठरत होते.

युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने बंद झाली. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. आजच्यासारखी साधने नसताना पुण्यात बसून जोतीरावांनी हे नाते ओळखले होते.

मोजणीत जास्त, मतांत शून्य

मुक्तीनंतरची काही वर्षे आशेची होती. १८७० साली हायरम रेव्हल्स हे मिसिसिपीतून अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले. त्या सभागृहात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पण जुन्या मालकांनी मारहाण आणि खून करून सत्ता परत घेतली आणि १८९० साली राज्याची नवी घटना लिहिली. त्या घटनेत 'काळ्यांना मत नाही' असे कुठेही लिहिलेले नव्हते. लिहिले होते ते एवढेच की मतदाराने दोन डॉलरचा कर भरावा आणि घटनेतले कलम वाचून दाखवावे किंवा त्याचा अर्थ सांगावा. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा अधिकारी गोरा. कर अर्धपोटी मजुराला न झेपणारा. १९०० साली राज्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण ५८ टक्क्यांहून जास्त होते, पण मतपेटीजवळ ते जवळजवळ नव्हतेच. लोकसंख्या मोठी असली म्हणजे सत्ता आपोआप येते असे समजणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

जमिनीचेही तसेच झाले. गुलाम सुटले पण त्यांना एकरभर जमीन मिळाली नाही. मग ते जुन्याच मालकाची शेती अर्धेलीने करू लागले. विदर्भात आपण त्याला बटई म्हणतो. बी-बियाणे, पीठ, मीठ, कापड सगळे मालकाच्या दुकानातून उधार. हंगामाच्या शेवटी मालक वही उघडे आणि सांगे, अजून तुझ्याकडेच बाकी निघते. ज्याला वाचता येत नाही तो वहीशी भांडणार कसा? जोतीरावांनी विद्येविना काय काय गेले हे सांगितलेच आहे, त्याचा पुरावा मिसिसिपीच्या मळ्यामळ्यांत होता.

एक गाव आणि एक बाई

अशा काळात डेल्टात माउंड बायू नावाचे एक गाव वसले. १८८७ साली आयझाया माँटगोमेरी या पूर्वी गुलाम असलेल्या माणसाने आपल्या चुलतभावासह जंगल तोडून ते उभारले. सगळे रहिवासी कृष्णवर्णीय, नगराध्यक्ष त्यांचा, दुकाने त्यांची, शाळा त्यांची. १९४२ साली तिथे टॅबोरियन हॉस्पिटल निघाले. मजुरांनी आपल्या संघटनेत वर्गणी भरून ते बांधले, कारण इतर इस्पितळांत त्यांना मागच्या दाराने जावे लागे. आपल्या वस्त्यांत वर्गणीतून उभी राहिलेली विहारे आणि वाचनालये आठवली की या गावाची थोरवी कळते.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९० ची ती घटना लिहिणाऱ्या सभेत एकच कृष्णवर्णीय सभासद होता, आणि तो होता हाच माँटगोमेरी. आपले गाव आणि जमीन सुखरूप राहावी, गोऱ्यांशी समेट व्हावा, या विचाराने त्याने मताचा अधिकार काढून घेणाऱ्या तरतुदीच्या बाजूने मत दिले. गाव राहिले. पण राज्यातल्या लाखो बांधवांचा आवाज पाऊणशे वर्षे बंद झाला. स्वतःपुरती सोय करून घेण्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

तो आवाज पुन्हा उघडणाऱ्यांत फॅनी लू हेमर ही बाई अग्रभागी होती. जन्म १९१७, वीस भावंडांत धाकटी. सहाव्या वर्षापासून कापूस वेचू लागली, शाळा थोडीच झाली. आपल्याला मत देता येते हे तिला चाळिशी उलटल्यावर एका सभेत कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती सतरा जणांबरोबर बसने इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेली. परीक्षेत तिला नापास केले. त्याच रात्री मालकाने सांगितले, नाव मागे घे नाहीतर मळा सोड. अठरा वर्षे राबलेला मळा तिने सोडला. पुढच्या वर्षी विनोना गावच्या तुरुंगात तिला इतके मारले की ते दुखणे जन्मभर पुरले. तरीही ती गावोगाव फिरून लोकांना नाव नोंदवायला सांगत राहिली.

ही लढाई रक्ताची होती. १९५५ साली शिकागोहून पाहुणा आलेला चौदा वर्षांचा एमेट टिल मनी या खेड्यातून उचलून नेऊन मारला गेला. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली आणि लेकराचे काय केले ते जगाला पाहायला लावले. १९६३ साली कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना जॅक्सन शहरात राहत्या घराच्या दारात गोळी घातली. १९६४ साली नावनोंदणीच्या कामातले तीन तरुण मारून मातीच्या बांधात पुरले, त्यांत दोन गोरे होते. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला. त्याआधी मिसिसिपीत शंभर कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम सात जणांची नावे यादीत होती, १९६७ साली ती जवळपास साठ झाली. १९६६ साली याच राज्यातल्या ग्रीनवूड गावी 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा गर्जली. त्याच सुमारास तिकडे ब्लॅक पँथर उभे राहिले आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली.

नुसत्या मताने पोट भरत नाही हेही हेमरबाईंनी ओळखले. १९६९ साली त्यांनी चाळीस एकर जमीन घेऊन सहकारी शेती काढली. गरीब कुटुंबाला एक गाभण डुकरीण द्यायची आणि पिल्ले झाली की काही परत घेऊन दुसऱ्या घरी द्यायची, अशी त्यांची 'डुकरांची बँक' होती. १९७७ साली त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो माउंड बायूच्याच इस्पितळात.

आजचे मिसिसिपी

एकेकाळी निम्म्याहून जास्त असलेले कृष्णवर्णीय आज ३७ टक्क्यांच्या आसपास आहेत, तरी प्रमाणाने पाहिले तर सगळ्या राज्यांत हेच सर्वाधिक. बाकीचे गेले कुठे? जुलमाला कंटाळून लाखो लोक रेल्वेने शिकागोकडे निघून गेले. कापूस वेचणारी यंत्रे १९४४ साली क्लार्क्सडेल गावाजवळच्या मळ्यात यशस्वी झाली आणि मळ्यांना हातांची गरजच उरली नाही. ज्यांना कालपर्यंत जाऊ देत नव्हते त्यांना आता कोणी थांबवले नाही.

आज तिथे सोयाबीन, कापूस, भात, कोंबडीपालन आणि तळ्यांतली मासळी यांवर शेती चालते, किनाऱ्यावर जहाजे बांधली जातात. पण घरटी उत्पन्नात हे राज्य पन्नास राज्यांत तळाला असते. राजधानी जॅक्सनमध्ये पाचांतले चार जण कृष्णवर्णीय आहेत. तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये नळांना पाणीच येईनासे झाले. गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीला या राज्याने १९९५ साली मान्यता दिली आणि तिची कागदोपत्री नोंद व्हायला २०१३ उजाडले. झेंड्यावरची गुलामगिरीवाद्यांची खूण २०२० साली गेली.

एक बातमी मात्र आनंदाची आहे. मुलांच्या वाचनात हे राज्य पूर्वी शेवटून मोजले जाई. २०१३ साली तिथे कायदा झाला. शिक्षकांना वाचन शिकवण्याचे नवे प्रशिक्षण मिळाले, मागे पडणाऱ्या मुलाकडे तिसरीपर्यंतच लक्ष देणे सुरू झाले. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या मुलांच्या वाचनात मिसिसिपी देशातल्या पहिल्या दहा राज्यांत आले. गरीब घरातली मुले मठ्ठ असतात असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आपण काय घ्यायचे?

माती कसदार होती, पाऊस भरपूर होता, माणसे कष्टाळू होती. तरी कसणारा गरीब राहिला. तेव्हा दोष मातीचा, हवेचा किंवा नशिबाचा नव्हता. जमीन, अक्षर आणि मत, तिन्ही त्याच्या हातून काढून घेतली होती. माउंड बायूला जमीन मिळाली पण मत गेले, १९६५ नंतर मत मिळाले पण जमीन नव्हती. एकाने काम भागत नाही. राजकीय समता आली तरी सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली तर लोकशाही धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत दिला होता. बाबासाहेबांचे लक्ष अमेरिकेतल्या या प्रश्नाकडेही होते. तिथले कृष्णवर्णीय आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे नेत आहेत हे समजल्यावर १९४६ साली त्यांनी डू बॉइस या थोर विद्वानांना पत्र लिहून ती कैफियत मागवली होती.

आपल्याला प्रौढ मताचा हक्क घटनेने एका झटक्यात दिला. त्यासाठी कोणाला परीक्षा द्यावी लागली नाही, कर भरावा लागला नाही. म्हणून त्याची किंमत आपल्याला कमी वाटू नये. या रविवारी विहारात वंदना झाल्यावर वस्तीतल्या सगळ्यांची नावे मतदारयादीत आहेत का हे तरुणांनी तपासावे. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींची, लग्न होऊन आलेल्या सुनांची, बदलीमुळे किंवा वस्ती हटल्यामुळे गळालेली नावे लिहून काढावीत आणि अर्ज भरून द्यावेत. आईबापांनी रोज रात्री अर्धा तास मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. स्वतःला वाचता येत नसेल तरी शेजारी बसून ऐकावे. मालकाची वही ज्याला वाचता येते त्याला फसवणे अवघड असते.

जयभीम.